बिनरेघेचा फॉन्ट

स्टायलिश फॉन्टचं कोणी नाव काढलं ना, की मला मालाडची माझी आत्या आठवते. वेबसाइटचं माझं पहिलंच काम होतं, आमच्या फॅमिली डॉक्टरांचं. दवाखान्यात गर्दी नको म्हणून पेशंटने घरूनच फॉर्म भरायचा होता. मी एक मॉडर्न फॉन्ट शोधला. अक्षरांवर रेघच नाही, एकदम झकास! मोठ्या अक्षरांत टाकलं, ‘आधी भरा, मगच या.’

सकाळी साइट सुरू होणार होती. आदल्या संध्याकाळी मी कौतुकाने आत्याच्या हातात मोबाइल दिला. ती मूळची मालवणची. तिने चष्मा नीट केला.

“गो, ह्यो डॉक्टर आधी मराक सांगता?”

“काय बोलतेस!”

“हयसर लिवलेला आसा ना. ‘आधी मरा, मगच या.’ मेल्यार थंय कित्याक जाऊचा?”

बघते तर काय, त्या फॉन्टात भ आणि म जुळे भाऊ! वाट लागली असती यार. तिथल्या तिथे रेघेवाला साधा फॉन्ट टाकला आणि आत्याच्या पाया पडले.

डॉक्टर ऐकून पोट धरून हसले. “आत्याबाईंना माझा नमस्कार सांग. पेशंट माझं कधी ऐकत नाहीत गं, पण हे नेमकं ऐकलं असतं!”