पाच फुटांवर थांबा

तुमच्या घरी उन्हाळ्यात कूलर लागते, आमच्या बाबाले घरामागं स्विमिंग पूल पाहिजे होता. खोदाले त्यांनी कळमेश्वरकडचे शंकरकाका आणले. काकांनी साऱ्या जिंदगीत फक्त विहिरी खोदल्या होत्या. "पाच फूट झाले की थांबा," असं त्यांले सांगून बाबा चार दिवस अकोल्याले लग्नाले गेले.

पाच फूट झाले, तरी काका अन् त्यांचे दोन भाऊ एका कोपऱ्यात खोदूनच राहिले होते.

मी विचारलं, "काका, थांबत काहून नाही?"

"पाणी कुठं लागलं गा अजून?"

"पाणी टँकरनं येणार आहे."

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी बाजारातून माय विकत आणतो म्हटलं. "खड्डा कोरडा सोडून मी आजवर वर आलो नाही," ते म्हणाले अन् परत खाली उतरले.

बाबा आले तेव्हा बारा फुटांवर खडकातून पाणी येऊन राहिलं होतं. भर मे महिना, गल्लीतल्या साऱ्या बोअरवेल आटलेल्या. बाबा भांडाच्याच तयारीनं काठावर आले. काकांनी नारळ फोडला, बादली वर ओढली अन् बाबांच्या ओंजळीत पाणी ओतलं. बाबा ते प्याले. बराच वेळ खाली पाहत राहिले. मग त्यांनी हळूच पायातल्या चपला काढल्या.

निळ्या टाइल्सचे खोके अजून गॅरेजमध्ये पडून आहेत. कोणी पाहुणा टॉवेल घेऊन पोहाले आला, की बाबा त्याले म्हणतात, "चपला तिथंच काढ, अन् ओंजळ धर."