कंधारला उतरणारा विमानप्रवासी

११ मे. दुष्काळाचं रणरणतं ऊन. आणि विमानात काय झालं, ऐका तर!

लेकीला घेऊन नांदेडहून मुंबईला निघालो होतो. चारला लेकीची नोकरीची मुलाखत. विमान वर गेलं आणि एक झिंगलेला गडी उठून दाराकडं निघाला.

"थांबवा! मला कंधारला उतरायचंय!" कंधार म्हणजे आमच्या नांदेडजवळचं तालुक्याचं गाव.

हवाई सुंदरी विनवून थकली. वैमानिकानं सांगितलं, हा बसला नाही तर विमान नांदेडला परत न्यावं लागेल. लेक रडकुंडीला आली.

तेवढ्यात सोबत आलेले आमचे साडू मारुतराव, एसटीचे निवृत्त कंडक्टर, गरजले, "ओ पाव्हणं, तिकीट काढलं का?"

गडी चपापला. "काढलंय की, मास्तर!"

"मग बसून दावा. उभ्याचं तिकीट म्या बघत न्हाई."

तो मुकाट बसला, खिसे चाचपू लागला. सुंदरीनं पट्टा आवळला.

"कंधार आलं की सांगा, मास्तर."

"झोपा. हाक मारतो."

विमान वेळेवर उतरलं. गड्याला पोलिसांनी नेलं. लेक पावणेचारला मुलाखतीच्या दारात होती.