गोड सोडून सगळं

रंगनाथ : याच्यात गोड काय हाय, ते आधी बघ.

बयाबाई : अहो, पाणी हाय ते.

रंगनाथ : पाण्यात लिंबाची फोड हाय. लिंबाच्या मागं साखर येतीच.

बयाबाई : प्या गुपचूप. पाणी पिऊन सोयरीक होत नसती.

रंगनाथ : चिमाभाऊ बी असंच म्हणला व्हता. मुलगा बघायला गेला, दोन घास शिरा खाल्ला, आन् तोंड गोड झालं म्हणून त्या लोकांनी तिथंच नारळ फोडला. त्याची लेक निकिता गेली पेठला.

बयाबाई : सुखात हाय ती.

रंगनाथ : ते तिचं नशीब. चिमाभाऊ अजून सांगतो, शिरा मात्र चांगला व्हता.

बयाबाई : आन् मला बघायला आलात, तवा चार लाडू कुणी खाल्ले?

रंगनाथ : भूक लागली व्हती.

बयाबाई : हां. त्या भुकेचं रांधतीय अजून.

रंगनाथ : ते जाऊ दे. आपलं ठरलंय. मुलगा पसंत पडला तर गोड खायचं. नाय पडला तर गोड सोडून सगळं. आन् लवकर उठायचं. तीनला लाइट येती, गुलाबाला पाणी सोडायचंय. मला सांग, मुलगा बघायचा तर त्याच्या घरी बघावा. हॉटेलात कशाला?

बयाबाई : हितंच कामाला हाय ना तो. रविवारी सुट्टी नसती. म्हणाला, माझ्या हातचं जेवा, मग ठरवा. शुभांगीला बघायला लोक आले तवा आपण तिच्या हातचे पोहेच पुढं केले का नाय?

रंगनाथ : पोहे बशीभर असत्यात. आन् ते आले, त्यांना तिनं नाय म्हणलं. याला स्वतःच हुडकून आणलंय. वर आपल्याला विचारती, बाबा, बघून तर घ्या.

बयाबाई : विचारती हे काय कमी हाय? गप आता, आला.

(ललित येतो. अंगात पांढरा कोट. हातांत दोन भल्यामोठ्या ताटल्या आणि प्रत्येकीच्या मधोमध एकेक पाणीपुरी.)

ललित : नमस्कार काका. नमस्कार काकू. एकूण सात पदार्थ आहेत, थोडे थोडे. ही पहिली पाणीपुरी. चिंचेऐवजी कोकम घातलंय.

रंगनाथ : बाकीच्या मागून येत्यात?

ललित : नाही काका. एकच असते.

रंगनाथ : एवढ्या ताटलीत?

ललित : ताटली मोठी असते, काका.

रंगनाथ : ती दिसतीय. बरं, या तुम्ही.

बयाबाई : लेकराच्या वयाच्या पोराला अहो-जाहो काय घालताय?

रंगनाथ : अरे-तुरे घरच्याला करायचं. कोकमात गूळ टाकत्यात ना?

बयाबाई : यात नाय. चांगली आंबट हाय, खा. थांबा... शुभीचा मिस्ड कॉल.

रंगनाथ : काय म्हणती?

बयाबाई : मिस्ड कॉल काय म्हणंल? जीव वर-खाली होतोय पोरीचा. काय सांगू?

रंगनाथ : सांग, पुरी एकच व्हती.

ललित : टोमॅटोचं सार आहे, काका. आणि ही नागलीची पापडी, वर परतलेली मेथी. नागली सुरगाण्याची.

रंगनाथ : सार चहाच्या कपात?

ललित : कपच आहे तो, छोटा.

रंगनाथ : आन् मेथी आमच्याकडं जुडीनं असती. तुमच्याकडं पानानं दिसतीय.

बयाबाई : तुम्ही लक्ष नका देऊ त्यांच्याकडं. सार झकास जमलंय हो.

ललित : थँक्यू, काकू. आलोच.

रंगनाथ : आलोच म्हणला. गेला, तो आत घुसला. तिकडं घंटी वाजली की हा पळतो. बघितलं ना तू?

बयाबाई : काम हाय त्याचं. किती वाजले सारखं काय बघताय? तुमचा पाय टेबलाखाली मोटर चालू असल्यागत हलतोय. बाजूची बाई बघतीय.

रंगनाथ : बघू दे. तिला बी एकच पुरी मिळालीय.

ललित : हे मध्ये घ्यायचं असतं, काका. द्राक्षांचा बर्फ. तोंड साफ करायला.

रंगनाथ : तोंड मी घरून साफ करून आलोय.

बयाबाई : अहो!

रंगनाथ : द्राक्ष म्हणलं का साखर आली. उचला ते.

ललित : कच्च्या द्राक्षांचा आहे. घड विरळताना काढून टाकतात ना, ते मणी. मीठ आणि आलं घातलंय. साखर अजिबात नाही.

रंगनाथ : साखरेचं मी तुम्हाला काय विचारलं नाय.

ललित : नाही, काका. मीच आपलं सांगितलं.

बयाबाई : गेलं पोरगं तोंड उतरवून. खरं सांगा, आचारी म्हणून नको म्हणताय ना? भावकी काय म्हणंल, रंगनाथनं आचाऱ्याला पोरगी दिली.

रंगनाथ : भावकीच्या प्रत्येक लग्नात आचाऱ्याच्याच हातचं जेवलोय. आचारी वाईट कशाला असंल? पण मला एक सांग, धोंडीराम आचारी आपल्याकडं इतक्या वेळा आला. त्याला कधी पंगतीत बसलेला बघितला तू?

बयाबाई : तो कसा बसंल? वाढणार कोण?

रंगनाथ : तेच म्हणतोय मी. आपली शुभी एकटी जेवत नाय. दहावीच्या परीक्षेला बी मी फुलं विकून मार्केटातून येईस्तोवर ताट झाकून बसायची. तू शिव्या घालायची, तरी बसायची. आता सणाला, रविवारला हा जगाला वाढणार. आन् ती झाकलेल्या ताटाकडं बघत बसणार. ते मला बघवायचं नाय.

बयाबाई : हे घरी का नाय बोलला?

रंगनाथ : घरी ती समोर व्हती.

ललित : भरलं वांगं. सांभाळून, गरम आहे.

रंगनाथ : वांग्याचं पिल्लू हाय हे. बरं, थांबा. पळू नका. दिवाळीला कुठं असता तुम्ही?

ललित : इथेच, काका.

रंगनाथ : पाडव्याला?

ललित : इथेच. भाऊबीजेला अर्धा दिवस मिळतो.

बयाबाई : सोमवारी तर सुट्टी असती म्हणं.

ललित : लग्नाचे दिवस नसले तर असते. खोटं कशाला सांगू, काकू.

रंगनाथ : मग घरच्यांनी जेवायचं कधी?

ललित : आई थांबते. किती सांगितलं तरी थांबतेच. बाबा सातपूरला कंपनीत, त्यांच्या पाळ्या. आई एकटीच असते. म्हणून मी चारला जाऊन येतो. गाडीवर पोहोचतो, दोघं जेवतो, परत येतो.

रंगनाथ : रोज?

ललित : रोज. चारच्या जेवणाला काही नावच नाही, काका. दुपारचं म्हणता येत नाही, रात्रीचंही नाही.

बयाबाई : आमच्याकडं त्याला जेवणच म्हणत्यात. यांचं बी तवाच असतं. मार्केट झालं, मोटर चालू केली, का मग हात धुणार.

रंगनाथ : तू मधी बोलू नको. वांगं गार होतंय.

बयाबाई : तुम्हीच देठासकट संपवलंय.

ललित : हा ताकभात, वर मेतकूट. आणि हा विडा. एवढंच, काका. झालं.

रंगनाथ : झालं म्हणजे?

ललित : सात झाले.

रंगनाथ : आन् गोड?

ललित : गोड ठेवलं नाही.

रंगनाथ : का?

ललित : शुभांगी म्हणाली होती, ठरल्याशिवाय बाबा गोड खात नाहीत. म्हटलं, ताट समोर आल्यावर तुम्हाला नको म्हणायची वेळ यायला नको. विड्यातला गुलकंदही काढलाय.

बयाबाई : घ्या. सकाळपासून ज्याच्यासाठी पहारा चालू व्हता, ते बनवलंच नाय.

रंगनाथ : अहो, पण गोडाशिवाय जेवण करतंय का कुणी? आन् गुलकंद काढून विडा! मी गुलाबवाला माणूस. माझ्याच पुढ्यात?

ललित : चुकलं, काका.

रंगनाथ : चुकलं नाय. चुकला असता तर बरं झालं असतं. काय बोलायचं आता... जेवलात का तुम्ही?

ललित : नाही. तुमचं झाल्यावर.

रंगनाथ : आन् आई?

ललित : आज निघता येणार नाही, जेवून घे म्हटलंय.

बयाबाई : जेवली नसंल.

ललित : नसेल.

रंगनाथ : गुलकंद आत हाय ना? टाकून नाय ना दिला?

ललित : आहे, काका. आणतो.

बयाबाई : अहो, तीन वाजून गेले. लाइट आली असंल. मोटर...

रंगनाथ : गडी करंल चालू. ओ, थांबा. कुठं निघालात? ती खुर्ची ओढा हिकडं.

ललित : काका, पाहुण्यांच्या टेबलावर आम्ही बसत नाही. नियम आहे.

रंगनाथ : मग इथं पाहुणा कोण हाय? आईला फोन लाव, म्हणावं जेवून घे. गुलकंद दुसऱ्या कुणाला आणू दे. तू बस.