चौकातलं अर्धं वाक्य

नाही हो दादा, तो पहिला बॅनर छापला तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मला पक्कं ठाऊक आहे, कारण तेव्हाच लाइट आली आणि हे मशीन गुरगुरायला लागलं — तिथूनच सगळं सुरू झालं. बसा ना. ती खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून बसा. मालक जेवायला गेलेत, पण बॅनर मीच करते. सातवी शिकले म्हणून काय झालं, अक्षरं तर तीच असतात ना — हसा, हसा, सगळेच आधी हसतात. तर काय हवंय? ‘तहान सोसायला शिका’, खाली चौकात पुतळा आहे त्या थोरल्यांचा फोटो, आणि बाजूला तुमचे उमेदवार, थोरल्यांपेक्षा जरा मोठे? होईल की. तुमच्या विरुद्ध उभे आहेत ना, त्यांची माणसंही कालच घेऊन गेली. तेच वाक्य, तोच फोटो, फक्त रंग वेगळा. पण दादा, एक सांगू का — ते वाक्य थोरल्यांचं नाहीच. माझ्या सासऱ्यांचं आहे ते.

आता नका हसू. मघाशी हसलात ते चाललं, आता नको.

सासरे म्हणजे चावीवाले. जन्मभर रस्त्यातल्या झाकणांत वाकून पाणी सोडलं त्यांनी — या गल्लीची चावी उघड, त्या गल्लीची बंद कर. बायका हंडे आपटत शिव्या द्यायच्या, आणि हे म्हणायचे, द्या बायांनो, शिव्यांनी तरी कुठे पाइप भरतो. तर त्या सकाळी ते माझ्या पोरीला घेऊन इथे आले होते, तुम्ही बसलात ना तिथेच बसले होते. एक कार्यकर्ता आलेला, थोरल्यांच्या पुतळ्याला हार घालायचा कार्यक्रम, त्याचा बॅनर हवा. सगळं बसलं, पण थोरल्यांच्या फोटोशेजारी वीतभर जागा मोकळी राहिली. मालक म्हणाले, मोकळी जागा वाईट दिसते, काहीतरी टाक. बाबा, म्हणजे सासरे, पेपर वाचत होते — त्यात आलं होतं की पाणी आता एक दिवसाआड येणार. बाबा तडकले. म्हणाले, ‘उद्या हे म्हणतील, तहान सोसायला शिका! म्हणणाऱ्याच्या घरचा नळ आधी बंद करा, मग बघू किती शिकतो ते.’ कार्यकर्ता म्हणाला, वा, काय बोललात काका, टाका हेच. लाइट नव्हती, बॅटरीवर मी सगळंच्या सगळं टाइप केलं. मालकांनी मान वाकडी करून बघितलं — रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून एवढं वाचतो का? तीन शब्द ठेवले, बाकीचं पुसलं, अक्षर मोठं केलं. खाली नाव कुणाचं टाकायचं? फोटो थोरल्यांचा आहे ना, मग त्यांचंच. झालं! बाबा म्हणाले, अरे पण — आणि लाइट आली, मशीन सुरू झालं. मशीनच्या आवाजात म्हाताऱ्या माणसाचं ‘अरे पण’ कुणाला ऐकू येतंय?

आता तुम्हीच सांगा, थोरल्यांच्या काळात नळ होते का? पुतळ्याखालची पाटी वाचा कधीतरी. तो माणूस गावोगाव विहिरी खणत हिंडला हो! तो कशाला सांगेल तहान सोसा म्हणून? पण वाचतं कोण. बॅनरवरून ते फोनवर गेलं, फोनवरून भाषणात, भाषणातून शाळेच्या भिंतीवर. नंतर पाणी दोन दिवसांआड झालं तेव्हा नोटिशीवरही वरती तेच — तहान सोसायला शिका. भांडायला गेलेल्या बायका ती नोटीस वाचून परत आल्या. थोरल्यांच्या पुढे काय बोलणार?

तेही सोसलं असतं. पण माझी पोरगी — चार वर्षांची आहे. तिला सारखा ताप येतो, लघवीला जळजळ होते, रडते, पाय आपटते. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, हिला पाणी पाजा, भरपूर पाजा, नाहीतर मूत्रपिंडावर जाईल. पाणी मी भरून ठेवते हो, शेजारणीकडून मागून आणते, त्याची लाज नाही मला. पण पोर पीतच नाही! बालवाडीत बाई विचारतात, आज कुणी कुणी तहान सोसली? जे हात वर करतात त्यांच्या हातावर चांदणी काढतात. बाटली भरलेली नेते, भरलेली परत आणते. ओठ फुटलेत, आणि मला हात दाखवते — आई, बघ चांदणी. मी बाईंना भेटले. म्हणाल्या, मी काय मनाचं शिकवते का, थोरल्यांचे विचार आहेत. बाबांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, सोने, ते मीच म्हणालो होतो गं, आणि उलट म्हणालो होतो. ती म्हणाली, आजोबा, खोटं बोलू नये. तुमचा कुठे पुतळा आहे?

काय म्हणालात? पुरावा? नगरपालिकेच्या ऑफिसातही हेच विचारलं. बाबा गेले होते, इस्त्रीचा सदरा घालून. तिथला माणूस म्हणाला, आजोबा, तुम्ही चावीवाले, तुम्ही असं बोलाल होय? हे मोठ्या माणसाचं बोलणं वाटतं. दोनदा गेले, तिसऱ्यांदा नाही गेले. आणि परवा — हे मी कुणाला बोलले नव्हते, तुम्हाला का सांगतेय कोण जाणे — परवा मला म्हणाले, ‘सूनबाई, असेलही थोरल्यांचंच. मीच कुठेतरी ऐकलं असेल.’ आणि पुढ्यातला पेला तसाच सरकवला. म्हटलं प्या ना बाबा. तर म्हणाले, राहू दे, सोसतं मला. दादा, ज्याच्या तोंडातून निघालं तोच जर असं म्हणायला लागला, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

मग मीही केलं एक. मालकांना माहीत नाही. मशीनवर कडेची पट्टी वाया जाते ना, त्यावर थोरल्यांचा फोटो छापला आणि खाली लिहिलं — ‘लेकरांनी पोटभर पाणी प्यावं’. खाली त्यांचंच नाव. हो, खोटंच! घरी माठावर लावलं, वाचून दाखवलं. पोरीनं बघितलं, बराच वेळ बघितलं. म्हणाली, आई, हे चौकात नाहीये.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या बॅनरवर खाली एवढी एवढी जागा राहते, मला दिसतेय इथून. तिथे टाकू का? बारीक अक्षरात. चौकात लागेल, मी तिला कडेवर घेऊन दाखवेन, बघ, आहे की नाही — घड्याळ बघू नका हो, दोन मिनिटं.

नको? वरून जसं आलंय तसंच हवं?

बरं. तसंच करते. तहान सोसायला शिका. रंग कुठला म्हणालात?

संध्याकाळी या न्यायला. आणि दादा — घरोघर हिंडता ना तुम्ही, मतं मागत. एखाद्या दारात लहान मूल दिसलं तर तोंडानं तेवढं सांगा, लेकराला पाणी पाजा म्हणून. थोरले म्हणून गेलेत असंच सांगा. माझं नाव नको.