हाताला लागलेलं वळण

बोट : पुढे अडथळा. डावीकडून वळसा घेते.

मुलगी : बघा! पुन्हा. बाबा, तुम्हीच सांगा, काय आहे तिथे?

बाबा : पाणी.

मुलगी : ते मलाही दिसतंय.

बाबा : मग हिलाच विचार की. सुकाणूवर माणूस नको म्हणून तीन वर्षं राबलीस ना?

बोट : अडथळ्याचा प्रकार माहीत नाही.

मुलगी : ऐकलंत? खडक नाही, जाळं नाही, गाळ नाही. चारदा तळ तपासला. चार वाजता परीक्षक चढणार. त्यांच्यासमोर ही रिकाम्या पाण्याला बिचकली, तर परवानगी गेली. तीन वर्षं पाण्यात!

बाबा : पाण्यातच आहेत की.

मुलगी : थट्टा नको ना, बाबा. तुमच्या लाँचच्या सगळ्या फेऱ्यांच्या नोंदी देऊन हिला वाट शिकवलीय मी. वीस वर्षं तुम्ही इथेच वळलाय. आठवा जरा.

बाबा : आठवायचंय काय त्यात? उतारू शिव्या घालायचे. उगाच सात मिनिटं जास्त.

मुलगी : मग का वळायचात?

बाबा : इथे नदीचं पाणी समुद्राला भिडतं. फार काही नाही, लाँच एकदा आपटते. धप्प.

मुलगी : एका धप्पसाठी सात मिनिटं?

बाबा : तू उठायचीस.

मुलगी : मी?

बाबा : आईची हॉस्पिटलात संध्याकाळची पाळी. तू इंजिनाशेजारी, दोरखंडाच्या वेटोळ्यात. घरी काही केल्या झोपायची नाहीस, इथे मात्र लगेच डोळा लागायचा. आणि धप्प झालं की भोकाड! पुढे शाळेत गेलीस तू. हाताला लागलेलं वळण राहिलं.

मुलगी : मला लहानपणी एकच स्वप्न पडायचं. सगळं हळूच एका बाजूला कलतंय, आणि पाणी माझ्याभोवती फिरतंय.

बाबा : स्वप्न नव्हतं ते, ठमाबाई.

(पाणी चकाकतं.)

बाबा : पुसून टाक. जाऊ दे तिला सरळ.

मुलगी : थांबा. हिला वळण माहीत आहे, कारण माहीत नाही. कारण सांगते. आत कुणी झोपलं असेल, तरच वळ.

बाबा : हिला कळतं ते?

मुलगी : आतल्या कॅमेऱ्यातून कळतं.

बाबा : आणि परीक्षकालाच डुलकी लागली तर?

मुलगी : मग तर पासच करतील!

बोट : आत दोनजण. दोघे जागे. सरळ जाते.

बाबा : आपटली.

मुलगी : आपटली! काय छान आपटली! आता परतताना तुम्ही झोपायचं.

बाबा : या मुक्या बोटीत? इंजिनाची घरघर नाही, काही नाही. कुठली झोप?

मुलगी : सोंग करा हो. त्या दोरखंडावर डोकं टेका. हां. डोळे मिटा.

बाबा : मिटले.

मुलगी : नीट. फसवू नका, ही ओळखते. हसताय तुम्ही. बाबा, हसू नका ना.

मुलगी : बाबा?

बोट : आत दोनजण. एक जागी. डावीकडून वळसा घेते.

मुलगी : हळू घे.