बिनपडद्याचं सोंग

माझं माहेर अंबडचं. स्टँडच्या मागं वडलांचं शिलाईचं दुकान होतं, अन् मशीन मी तिथूनच शिकून आले, हे आधी सांगते, कारण इथं लोक म्हणतात सासरी येऊन शिकली, तसं बिलकुल न्हाई. लग्न होऊन टेंभुर्णीच्या अलीकडं ह्या गावात आले, शेत होतं पण थोडं होतं, मंग मी ओसरीत मशीन मांडली अन् ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, जे आलं ते शिवलं. आता पन्नाशी आली, गुडघा कुरकुरतो, म्हणून मशीनला मोटर बसवली. काय सांगू तुम्हाला, ताई, ह्या गावातल्या प्रत्येक बाईचं माप मला तोंडपाठ आहे, कोण वाळली अन् कोण फुगली हे डॉक्टरच्या आधी मला कळतं. पण तुम्ही सोंगाचं विचारायला आल्या, तर ते सांगते.

आमच्याकडं वैशाखात नरसिंहाचं सोंग असतं. तिन्हीसांजेला, दिवस बुडता बुडता, कारण हिरण्यकश्यपू दिवसाही मरत न्हाई अन् रात्रीही मरत न्हाई. मारुतीच्या पारापुढं कागदाचा खांब उभा करतात, तो फोडून नरसिंह निघतो. मुखवटा लाकडाचा, असा जड की मान मोडावी, अन् ज्याच्या तोंडावर तो बसतो त्याच्या अंगात येतं, म्हणून कमरेला दोर बांधून मागून दोघं ओढून धरतात. मंग नरसिंह राजाला मांडीवर घेतो, अन् तेवढ्यात आमच्या घरचे माणसं पुढं पांढरं धोतर आडवं धरतात. तो आमच्या घराण्याचा मान. धोतरामागं काय होतं ते कोणी बघत न्हाई. म्हणजे होतं काय, तर राजा गुपचूप उठतो अन् पाराच्या मागं जाऊन चहा पितो. राजा म्हणजे माझे दीर, सुदाम भाऊजी. लेकरं मागं पळत जाऊन बघायचे, मेलेला राजा बशीत चहा ओतून फुंकर मारून राह्यला, अन् भाऊजी त्यायला डोळे वटारायचे. धोतर काढलं की नरसिंहाच्या गळ्यात लाल सुताची माळ. झालं, आरती, प्रसाद, घरी. माझं लग्न झाल्यापासून आमचे हे तेच धोतर धरून राह्यले.

मागल्या वर्षी तो शिणेमा आला, राजाला साखळदंडानं बांधून हालहाल करून मारतात तो, त्याचा शेवटचा अर्धा तास म्हणजे नुसतं रक्त. माझा वैभव जालन्याला सळईच्या कारखान्यात आहे, त्यानं तो पुन्हा पुन्हा पाह्यला, अन् मंग जीप करून आम्हाला सगळ्यायला नेलं. मी न्हाई म्हणत न्हाई, मी पण रडले. पण माझ्या पुढच्या खुर्चीवर एक बाई मांडीवरच्या पोरीचे डोळे झाकून बसली होती, अन् पोरगी बोटं बाजूला सारून बघून राह्यली होती, माझं अर्धं लक्ष तिच्याकडंच. घरी येताना जीपमध्ये माझी जाऊ मंदा म्हणली, जेवण जाणार न्हाई आता. अन् घरी येऊन जेवली बराबर.

मंग गावात तोच विषय. हॉटेलावर गुरुजी म्हणायचे, जे घडलं ते दाखवायला पाहिजे, झाकून झाकून आपण मऊ झालो. भजनातले बुवा म्हणायचे, असं रोज बघितलं की डोळ्याला सवय लागते, मंग उद्या शेजारी पडलेला माणूस बघून पण काही वाटणार न्हाई. गुरुजी म्हणायचे, बुवा, तुम्ही बघितला का तरी. बुवा न्हाई म्हणायचे. मंग गुरुजी म्हणायचे, मंग बसा. अन् जे कोणी जास्ती बोलेल त्याला पोरं विचारायचे, तुम्ही राजाच्या बाजूनं का मारणाऱ्याच्या. असं विचारलं की सगळे चहा पिऊन उठायचे.

त्यातून निघालं की सोंग पण खरं करायचं. पडदा नको. वैभवला मुखवट्याचा मान मिळाला होता, तो पोरं घेऊन माझ्याकडं आला, म्हणला, आई, सुदामकाकाला खोटं पोट शिवून दे, आत कापूस, आतडी, रंग, सगळं, मी फाडलं की बाहेर पडलं पाहिजे. मी म्हणलं, तुझ्या बापाच्या हातात धोतर आहे ते काय करू. तो म्हणला, पडद्यामागं काय झालं ते कोणालाच दिसत न्हाई, म्हणून कोणाला काही वाटत न्हाई, लोक आरतीला पण थांबत न्हाईत, आई. ते खरं होतं, लोक थांबत न्हाईत. मी म्हणलं, वाटावं म्हणून किती फाडायचं? तो म्हणला, तू फक्त शिवून दे. ह्यायनी धोतर घडी करून पेटीत टाकलं, म्हणले, पोरायचं राज्य आहे.

मी शिवलं. मी न्हाई शिवलं तर त्यायनी कुठून तरी शिवून आणलं असतं, अन् मला दुसऱ्याच्या टाक्यावर भरवसा न्हाई. वरचं कापड मांसाच्या रंगाचं, पुढं कच्चा टाका, नख लागलं की उसवेल असा. आतडी म्हणून जुनी लाल नायलॉनची साडी पिळून घातली. अन् पाठीमागं, भाऊजीच्या अंगाकडं, जीनचं दुहेरी कापड अन् गोधडीचा तुकडा, कारण पोरायनी जालन्याहून पत्र्याची नखं करून आणली होती. आधी लाकडाची असायची. मी भाऊजीला समोर बसवून सांगितलं, हे मागचं काढायचं न्हाई. ते हो म्हणले.

काढलं. राजाचं पोट असं ढेरीसारखं असतंय का, म्हणून आतली पट्टी काढून खाटेवर ठेवून आले. आता ह्याला काय म्हणावं. साठीचा माणूस, डोळ्यात काजळ घालून आरशात बघतो.

पार नुसता भरला होता. खांब फुटला, वैभव निघाला, अन् मला माझं पोरगं त्या मुखवट्यात दिसेना, असा थरथरत होता. दोर धरणाऱ्या दोघायच्या एकेका हातात मोबाईल. त्यानं भाऊजीला मांडीवर पाडलं, कापूस उडाला, साडी बाहेर आली, लोकायनी आरोळी मारली. अन् तो थांबेना. भाऊजी ओरडले, तर लोक म्हणले, काय काम करून राह्यले. मी कुंकू अन् तेल कालवून घट्ट रंग केला होता, तो वाहणारा नव्हताच, अन् हे भाऊजीच्या धोतरावरून खाली वाहून राह्यलं होतं. मी उठून ओरडले, हलगी बंद करा. मागचे म्हणले, बाई खाली बसा, दिसत न्हाई.

मंग मीच चढले पारावर. बायका त्या वेळेला पारावर चढत न्हाईत, मी चढले, वैभवच्या मुखवट्याला दोन्ही हात घालून त्याला मागं ओढलं, अन् भाऊजीच्या कुशीवर पदर दाबून धरला. मंदा कुठं होती ते मला आजही आठवत न्हाई. सरकारी दवाखान्यात नेलं, टाके पडले, जखम लांब होती पण खोल न्हाई, डॉक्टर म्हणले नशीब.

तुम्हाला वाटेल गाव घाबरलं असेल. बिलकुल न्हाई. व्हिडिओ गावोगाव फिरला, खाली लोकायनी लिहिलं, एकदम ओरिजनल. भाऊजी खाटेवर पडून तो व्हिडिओ लावायचे अन् भेटायला आलेल्याला टाके दाखवायचे, मंदा मोबाईल हिसकून घ्यायची, ते परत मागायचे. ह्या वर्षीची बैठक झाली, पुन्हा बिनपडद्याचंच ठरलं, फक्त आत पत्रा घालायचा म्हणे. पोट शिवायला मला विचारलं, मी न्हाई म्हणलं. ते म्हणले, काकू, आम्ही तयार मागवू. मागवा म्हणलं. गुरुजी आता म्हणतात, तसं नको व्हायला पाहिजे होतं, पण बैठकीत काही बोलले न्हाईत. बुवा बैठकीला आलेच न्हाईत.

मुखवटा वैभवनंच घालावा असं सगळ्यायचं म्हणणं आहे. तो हो पण म्हणत न्हाई अन् न्हाई पण म्हणत न्हाई. रविवारी येतो, जेवतो, काकाच्या घरी जात न्हाई. मागल्या रविवारी मशीनपाशी येऊन बसला, मी सुईत दोरा ओवत होते, अन् तो हळूच म्हणला, आई, तेव्हा माझ्या अंगात खरंच देव आल्ता का गं?

आता काय सांगू, ताई. हो म्हणावं तर देवानं भाऊजीला फाडलं, न्हाई म्हणावं तर ह्यानं. तो वाट बघत बसला होता. मी म्हणलं, मला माहीत न्हाई, पण तू मुखवटा घालू नको. तो म्हणला, मी न्हाई घातला तर दुसरा कोणी घालील. मी म्हणलं, घालू दे. तो उठून बाहेर गेला, अजून बैठकीच्या लोकायला काही कळवलं न्हाई त्यानं.

वैशाख आता जवळ आला. भाऊजीनं राजाचा नवा अंगरखा शिवायला टाकला आहे, तो मात्र मी शिवून राह्यले, कापड चांगलं आहे. देव त्यायला आयुष्य देवो. मी ह्या वर्षी पाराकडं जाणार न्हाई, पण शेजारच्या जीपवाल्याला सांगून ठेवलं आहे, त्या दिवशी सांजेला दुसरं कोणतं भाडं घेऊ नको, गाडीत तेल भर, अन् तोंड रस्त्याकडं करून उभी कर.