वाफेआडचा हात

मी माहनूर मोहियोद्दीन शेख, वय २९ वर्षे, धंदा लाँड्रीत इस्त्रीकाम, रा. दौलताबाद, जि. छत्रपती संभाजीनगर. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

शहरातल्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत मी कामाला आहे. अतुल हे तिथले सुपरवायझर. त्यांची तक्रार अशी की, मासिक पाळीआधीच्या चिडीत मी विनाकारण त्यांच्या अंगावर खळीची बादली ओतली. बादली मी ओतली, हे खरे आहे.

आम्हा बायकांत एक रीत आहे. जिची पाळी जवळ आली, ती आपली ओढणी खिडकीच्या गजाला बांधते. मग बाकीच्या तिला तापल्या यंत्रावर पाठवत नाहीत, खिडकीपाशी घड्या घालायला देतात. त्या दिवशी माझी ओढणी बांधलेली होती. अशा दिवसांत मला सगळे पाण्याखालून ऐकू येते. टांगलेल्या चादरी वाफेत हलत होत्या, भिंत कुठे संपते ते कळत नव्हते. झोपेत चालल्यासारखी मी घड्या घालत होते आणि मला फार बरे वाटत होते.

तेवढ्यात चादरीमागून अतुल यांचा हात माझ्या कमरेवर आला. तो आधीही आला होता. तेव्हा नोकरीकडे पाहून मी मुकाट बाजूला झाले होते. या वेळी झाले नाही. खळीची बादली जवळच होती, ती उचलून त्यांच्या डोक्यावर रिकामी केली. ते पांढरेफटक होऊन उभे राहिले, तेव्हा मला हसू आले. हसल्याचेही लिहून घ्यावे.

माझ्यासोबत काम करणाऱ्या सुलेखाताई मला वाचवायला म्हणून इथे सांगून गेल्या, "साहेब, पोरगी लई गरीब हाय. तिची ओढणी बांधलेली व्हती, म्हणून डोकं फिरलं. सोडून द्या तिला." त्यांची माया मला कळते. पण त्यात अतुल यांचा हात राहूनच गेला. आता मालक म्हणतात, तब्येतीमुळे झाले असे लिहून दे, नोकरी राहील. तसे मी लिहून देणार नाही.

जबाब घेणाऱ्या मॅडमनी विचारले, राग पाळीमुळे आला काय? मी म्हणाले, "व्हय मॅडम, त्या दिवसांत राग लवकर येतो. पण त्याचा हात काय माझ्या पाळीनं आला नाय." माझी तक्रार त्या हाताबद्दल आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. हे सांगतेवेळी माझी पाळी येऊन गेलेली आहे, हेही नोंदवावे.